डोंगरमाथ्यावरचं तळं आणि आपल्या वावरातला युरिया

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर छोटी-छोटी तळी आहेत. आजूबाजूला शेत नाही, गोठा नाही, गाव नाही. तरी त्या पाण्यात खताचं नत्र सापडतं. या तळ्यांसाठी शास्त्रज्ञांनी एक मर्यादा काढली आहे. पाऊस आणि बर्फ यांच्यातून वर्षाला हेक्टरी दीड किलोपेक्षा जास्त नत्र पडलं, की तळ्यातल्या जीवांची रचना बदलायला लागते.

दीड किलो नत्र आपल्या मापात मोजून पाहा. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे हेक्टरी सव्वातीन किलो युरिया. एकरी १.३ किलो. तोही वर्षभर मिळून. आपल्याकडे कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ६० किलो नत्राची शिफारस असते. तिच्या चाळिसाव्या हिश्शात तिकडचं तळं बदलतं. एवढा युरिया वावरात फेकला तर पऱ्हाटीचं एक पानही जास्त हिरवं दिसणार नाही.

मग तळ्याला तो कळतो कसा, आणि मुळात तिथवर पोचतो कसा?

जमिनीतून हवेत

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पिकाला तो घेता येत नाही. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरचे जिवाणू ती गाठ सोडवतात. आकाशातली वीजही थोडीफार सोडवते. विजांच्या पावसाने पीक तरारतं असं म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, पण विजेतून मिळणारं नत्र फार कमी असतं. माणसाने ही गाठ कारखान्यात सोडवायला सुरुवात केली ती विसाव्या शतकात. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथे त्याचा कारखाना सुरू झाला. आज जगातली जवळपास निम्मी माणसं या मार्गाने तयार झालेल्या नत्रावर पिकलेलं अन्न खातात. त्यामुळे युरिया वाईट, असं म्हणण्यात अर्थ नाही. अडचण आहे ती वावरात टाकलेल्या पण पिकाने न घेतलेल्या नत्राची.

हवेत जाणारं नत्र दोन प्रकारचं असतं. पहिलं जळण्यातून येतं. कोळसा किंवा डिझेल फार उष्णतेत जळलं की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं केंद्र, तिरोड्याचं ३३०० मेगावॉटचं, कोराडी, मौदा: कोळशावरच्या वीजकेंद्रांची विदर्भाला ओळख करून द्यायला नको. उन्हाळ्यात धुऱ्यावर पेटवलेल्या पऱ्हाटीतूनही हे वायू निघतात. हवेत त्यांचं एक-दोन दिवसांत नायट्रिक आम्ल होतं.

दुसरं म्हणजे अमोनिया. तो मुख्यतः युरियातून आणि जनावरांच्या मुतातून सुटतो. वायुरूपातला अमोनिया फार लांब जात नाही. बराचसा काही किलोमीटरांतच पानांवर, मातीवर, पाण्यावर बसतो. पण वाटेत त्याला नायट्रिक किंवा गंधकाचं आम्ल भेटलं की दोघांचे मिळून अतिसूक्ष्म कण बनतात, अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक. हे कण कित्येक दिवस हवेत तरंगतात आणि शेकडो किलोमीटर जातात. म्हणजे चिमणीचा धूर आणि वावरातला अमोनिया एकमेकांना लांबच्या प्रवासाला नेतात. नुसतं एकाकडे बोट दाखवून हा प्रश्न उलगडत नाही.

कोलोरॅडोत पर्वतरांगेच्या पूर्वेला सपाट मैदान आहे. तिथे मक्याची शेती आहे, एकेका ठिकाणी हजारो जनावरं बांधलेले वाडे आहेत, शहरं आहेत. तिकडचा वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, पण काही दिवस तो उलटतो. पूर्वेकडून डोंगर चढतो, चढताना थंड होतो आणि वर पाऊस किंवा बर्फ पाडतो. मैदानावरचं नत्र तेव्हाच माथ्यावर जातं. याचा चांगला पुरावा तिथल्या तळ्यांतच आहे. त्याच रांगेच्या पूर्व उतारावरच्या तळ्यांत नायट्रेट (नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप) जास्त सापडतं, पश्चिम उतारावर कमी. खडक तोच, उंची तीच, फरक वाऱ्याच्या बाजूचा.

तळं इतकं नाजूक का

मैदानातल्या तलावात येणारं पाणी आधी माती, गवत, मुळं आणि कुजलेला पाला यांतून गाळून येतं. वाटेत बरंचसं नत्र कोणी ना कोणी उचलतं. माथ्यावर ही गाळणीच नसते. खाली ग्रॅनाइट, वर कुठे-कुठे बोटभर माती, झाडं जवळपास नाहीत, आणि वाढीचा हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. पडलेलं नत्र दगडावरून घरंगळत थेट तळ्यात उतरतं.

त्यात बर्फाचा भाग वेगळाच आहे. हिवाळाभर पडलेल्या बर्फात नायट्रेट आणि अमोनियम (अमोनियाचं विरघळलेलं रूप) साठत राहतं. वसंतात बर्फ वितळतो तेव्हा हा साठा हळूहळू सुटत नाही. बर्फाचे दाणे वितळताना आणि पुन्हा गोठताना क्षार दाण्यांच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ढकलतात, त्यामुळे पहिलं पाणी ते क्षार धुऊन नेतं. एकूण वितळपाण्याच्या पहिल्या ३० टक्क्यांत साठ्यातले ५० ते ८० टक्के क्षार निघून येतात, असं मोजणीत दिसलं आहे. अख्ख्या हिवाळ्याचं नत्र काही दिवसांत तळ्याला मिळतं. म्हणून वर्षाची सरासरी पाहून तळ्याची खरी अवस्था कळत नाही.

आणि ही तळी मुळात नत्राची उपाशी असतात. तिथले सूक्ष्म जीव हजारो वर्षं अत्यल्प नत्रावर जगायला सरावलेले आहेत.

पहिला बदल डायटममध्ये दिसतो. डायटम म्हणजे काचेसारख्या सिलिकाच्या कवचात राहणारं एकपेशीय शेवाळ. नत्र वाढलं की कमी नत्रावर जगणाऱ्या जाती मागे पडतात आणि अ‍ॅस्टेरिओनेला फॉर्मोसा, फ्रॅजिलेरिया क्रोटोनेन्सिस या जाती पुढे येतात. डायटम मेला तरी कवच कुजत नाही, ते तळाच्या गाळात थरावर थर बसतं. तळात नळी खुपसून गाळाचा उभा तुकडा काढायचा, अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या करायच्या, प्रत्येक चकतीचं वय शिसे-२१० या किरणोत्सारी अणूवरून ठरवायचं (तो २२ वर्षांत निम्मा होतो) आणि सूक्ष्मदर्शकाखाली कवचं मोजायची. या पद्धतीने रॉकीतल्या पूर्व उतारावर हा पालट १९५०च्या आसपास सुरू झाल्याचं दिसलं. मैदानात रासायनिक खत, मोठे जनावरवाडे आणि मोटारी वाढल्या त्याच काळात.

दुसरा बदल डोळ्यांना दिसत नाही, पण माझ्या मते तो जास्त खोलवरचा आहे. शेवाळाला नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) साधारण सातास एक या वजनी प्रमाणात लागतात. नत्र कमी असेल तोवर वाढीला नत्राचा लगाम असतो. हवेतून नत्र येतच राहिलं की तो लगाम सुटतो आणि स्फुरदाचा बसतो. नॉर्वे, स्वीडन आणि कोलोरॅडो इथल्या तळ्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जास्त नत्र पडणाऱ्या भागांतल्या तळ्यांत हेच घडल्याचं दिसलं. परिणाम असा की पाण्यात शेवाळ असतं पण ते स्फुरदाने निकस असतं. ते खाणाऱ्या पाणपिसवांसारख्या बारीक जीवांची वाढ खुंटते, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या माशांचीही. तलाव हिरवागार होईल तेव्हाच तो बिघडला, असा समज असणाऱ्याला हे बिघडणं लक्षातच येणार नाही.

अशा अवस्थेत थोडा जरी स्फुरद आला तरी शेवाळ उसळतं. तो वाऱ्यावरच्या धुळीतून येऊ शकतो. शिवाय पाणी तापतं आहे आणि हिमनद्यांच्या वितळपाण्यातूनही नायट्रेट येतं. त्यामुळे आज एखाद्या माथ्यावरच्या तळ्यात दगडांवर हिरवं शेवाळ चढलं तर त्याचं सगळं खापर युरियावर फोडता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या टाहो तळ्याचंही तसंच. १९६८ मध्ये पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी तिथे ३१ मीटर खोलीपर्यंत दिसायची, आता ती साधारण २० मीटरच्या आसपासच दिसेनाशी होते. तिथे येणाऱ्या नत्रातला निम्म्याहून जास्त वाटा हवेतून येतो हे खरं, पण पाणी गढूळ व्हायला बारीक मातीचाही मोठा हात आहे.

तिसरा परिणाम आम्लाचा. नायट्रिक आम्ल तर आम्ल आहेच. अमोनियम मात्र फसवं असतं. जिवाणू त्याचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल सुटतं. ग्रॅनाइटमध्ये चुना जवळपास नसतो, त्यामुळे ते मारायला काही नसतं. पाण्याचा सामू (आम्लता मोजायचा आकडा; सातच्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) साडेपाचच्या खाली गेला की मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळून माशांच्या कल्ल्यांवर बसतं. दक्षिण नॉर्वेत गेल्या शतकात हजारो तळ्यांतले मासे आम्लामुळे संपले. तिथे मोठा वाटा गंधकाचा होता. रॉकीतली बहुतेक तळी अजून या टोकाला गेलेली नाहीत.

मग आपल्या तलावांचं काय

विदर्भात असं एकही तळं नाही. चिखलदरा १११८ मीटरवर आहे, पण तिथे बर्फ नाही, आणि खाली बेसॉल्टचा खडक व त्याची माती आहे, जी आम्ल सहज मारते. लोणारच्या सरोवराचं पाणी तर इतकं खारट आणि अल्कधर्मी आहे, सामू दहाच्या घरात, की हवेतून पडणारं आम्ल तिथे कुठल्या कुठे जिरतं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मामा (माजी मालगुजारी) तलाव उथळ आहेत, गाळाने भरलेले आहेत, आणि गाळात स्फुरद भरपूर. तिथे जलकुंभी किंवा शेवाळ माजलं असेल तर कारण हवेत शोधू नका. बांध्यांतून निथळणारं खताचं पाणी, गावची नाली, काठावर बसणारी जनावरं आणि वरच्या उतारावरून धुऊन येणारी माती, हे हवेपेक्षा कित्येक पट जास्त नत्र आणि स्फुरद आणतात. तसंच, आपल्या वावरातला अमोनिया हिमालयातल्या तळ्यांत जातो असं म्हणणंही ओढूनताणून होईल. हिमालयाच्या पायथ्याशी गंगेचं मैदान आहे, उपग्रहांच्या नकाशांत अमोनियाचे जगातले सर्वांत ठळक डाग जिथे दिसतात त्यांतलं एक.

तरी हिशोब करून पाहा. एकरभर पऱ्हाटीला ४५ किलोची एक बॅग वरून फेकली, म्हणजे २०.७ किलो नत्र. त्यातलं २० टक्के उडालं असं धरलं (उघड्यावर फेकलेल्या युरियात हे प्रमाण अजिबात जास्त नाही) तर ४.१ किलो गेलं. म्हणजे बॅगेतला ९ किलो युरिया. डोंगरावरच्या पावणेतीन हेक्टरांची वर्षभराची मर्यादा आपल्या एका एकरातून एका फेकणीत हवेत गेली. ते कुठेतरी पडणारच, आणि पैसे आपले गेलेले असतातच.

युरिया कधी उडतो

युरिया स्वतः उडत नाही. माती आणि पालापाचोळ्यात युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ओल मिळाली की ते युरियाचं अमोनियम कार्बोनेट करतं. खरिपातल्या उष्णतेत हे दोन ते चार दिवसांत उरकतं. या क्रियेत दाण्याभोवतालच्या मातीचा सामू चढून नऊच्या जवळ जातो. सामू सातला असतो तेव्हा अमोनियमचा एक टक्कासुद्धा वायुरूपात नसतो. सव्वानऊला निम्मा वायू होतो. आपली काळी जमीन चुनखडीची, सामू साडेसात ते साडेआठ, म्हणजे ती आधीच चढणीवर उभी आहे.

पण याच काळ्या मातीत एक मोठा गुणही आहे. तिच्या चिकण कणांवर ऋण भार असतो आणि अमोनियम धन भाराचं, त्यामुळे माती त्याला धरून ठेवते. अट एकच, ते मातीच्या आत असायला हवं. म्हणून पाच सेंटीमीटर खोलीचा फरक इतका मोठा ठरतो.

सर्वांत वाईट वेळ कोणती? जमीन ओली आहे, वरून युरिया फेकला, मग दोन-तीन मिलिमीटरची रिमझिम आली आणि नंतर ऊन-वारा. दाणे विरघळतात, विकर कामाला लागतं, पण पाणी युरियाला खाली ढकलण्याइतकं नसतं. यापेक्षा कोरड्या मातीत पडलेला युरिया बरा, तो काही दिवस तसाच राहतो. फेकल्यापासून चोवीस तासांत १० ते १२ मिलिमीटर पाऊस झाला तर युरिया आत उतरतो आणि उडणं जवळपास थांबतं. पण ६५ मिलिमीटरचा धो-धो पाऊस आला तर तो वाहून जातो किंवा काळ्या जमिनीत पाणी साचून जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो पाहून खताचा दिवस ठरवावा.

कोलोरॅडोत अंदाजाचा वापर उलट्या कारणासाठी करतात. डोंगराकडे चढणारा वारा येणार असं दिसलं की शेतकऱ्यांना आणि जनावरवाड्यांना सूचना जाते. ज्यांना जमेल ते खत टाकणं किंवा शेण उपसणं एक-दोन दिवस पुढे ढकलतात. सक्ती नाही. तिथल्या राष्ट्रीय उद्यानासाठी २००७ मध्ये योजना ठरली: हेक्टरी ३.१ किलोवर पोचलेलं नत्र २०३२ पर्यंत दीड किलोवर आणायचं. गाड्या आणि वीजकेंद्रांच्या धुरातलं नत्र तिथे कायद्याने बरंच घटलं, अमोनिया मात्र तसा घटलेला नाही.

आता पऱ्हाटीचं. युरिया झाडाच्या बुडापासून पाच-सात सेंटीमीटर बाजूला, पाच सेंटीमीटर खोल पडावा आणि वर माती यावी. माणूसबळ नसेल तर ओळीच्या कडेने टाकून लगेच, त्याच दिवशी, डवरा फिरवावा. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर फायदा कमी होतो. सगळा युरिया एकदम न देता पेरणीच्या वेळी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असा विभागून द्यावा. धसकटं किंवा कुटार पसरलेल्या जमिनीवर फेकू नये, त्यांच्यावर विकर जास्त असतं. राख किंवा चुन्यात मिसळू नये, सामू वाढतो. सोयाबीनला पेरणीनंतर युरिया देण्याची तर गरजच नसते. पाणी साचून किंवा लोहाच्या कमतरतेने पिवळं पडलेलं सोयाबीन युरियाने सुधारत नाही.

कडुनिंबाचा लेप असल्यामुळे युरिया उडत नाही, असा एक गैरसमज आहे. २०१५ पासून देशातला जवळपास सगळा युरिया निमलेपित आहे. तो लेप अमोनियमचं नायट्रेट होणं लांबवतो, त्यामुळे झिरपून जाणारं नत्र वाचतं. पण उडणं त्याच्या आधीच्या पायरीवर होतं. तिथे लेपाचा उपयोग नाही, मातीच लागते.

धानाच्या बांधीत गोष्ट निराळी. साचलेल्या पाण्यात शेवाळ असतं, ते उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि दुपारी पाण्याचा सामू नऊच्या वर जातो. त्या पाण्यात फेकलेला युरिया लवकर उडायला लागतो. म्हणून आधी बांधीतलं पाणी काढून चिखल उघडा करावा, युरिया टाकून चिखलात कालवावा, एक-दोन दिवसांनी पाणी सोडावं. याहून चांगलं म्हणजे युरिया-डीएपीच्या गोळ्या: २.७ ग्रॅमची एक गोळी, चार चुडांच्या मध्ये, सात ते दहा सेंटीमीटर खोल, रोवणीच्याच दिवशी. मजुरी जास्त लागते हे खरं. पण पुढची फेकणी वाचते.

शेणखतात तर नुकसान नाकाला कळतं. गोठ्यात सकाळी डोळे झोंबतात तो अमोनियाच. जनावराच्या मुतातलं बहुतेक नत्र युरियाच्याच रूपात असतं आणि शेणातलं विकर त्यावर तासाभरात काम सुरू करतं. गोठ्यात तनस किंवा कोरडी माती अंथरून मूत शोषून घ्यावं आणि ते रोज उकिरड्यात टाकावं, वर चार बोटं मातीचा थर द्यावा. खत वावरात नेल्यावर ढीग पसरले त्याच दिवशी वखरावं. एप्रिलच्या उन्हात पसरून आठवडाभर ठेवलेल्या खतात मातीला उपयोगी बरंच काही उरतं, पण लगेच मिळणारं नत्र नाही.

हे सगळं शाळेत किंवा घरी पाहता येतं. झाकणाच्या दोन बरण्या घ्या. दोन्हींत ओलसर काळी माती भरा, दहा सेंटीमीटर. एकीत अर्धा चमचा युरिया मातीवर टाका, दुसरीत तेवढाच पाच सेंटीमीटर खाली पुरा. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांवर हळदीची पेस्ट लावून वाळवा, मग किंचित ओल्या करून झाकणाच्या आतून लटकवा, मातीला टेकू देऊ नका. बरण्या सावलीत, उबदार जागी ठेवा आणि पट्ट्या सुकल्या तर पुन्हा ओलवा. एक ते तीन दिवसांत पहिल्या बरणीतली हळद तांबूस होते. दुसरीत बदल उशिरा येतो किंवा फिका राहतो. पट्टी बाहेर काढून उघड्या हवेत धरली तर थोड्या वेळाने पुन्हा पिवळी होते, कारण अमोनिया तिच्यातूनही उडून जातो.